नियम पाठ असतो, तरी तोंडातून चूक का येते?

इंग्रजी शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, 'ही' किंवा 'शी' आलं की क्रियापदाला काय लागतं? 'एस' लागतो, हे उत्तर झोपेतून उठवून विचारलं तरी मिळेल. रिकाम्या जागा भरायला द्या, दहापैकी दहा. आणि तोच माणूस घाईघाईत काही सांगायला लागला की 'ही गो', 'शी वर्क' सुरू. ही खोड फक्त मराठी माणसाला आहे असंही नाही. वेगवेगळ्या मातृभाषांच्या लोकांचं इंग्रजी तपासणाऱ्या अभ्यासकांना सगळीकडे हेच दिसलं आहे. हा 'एस' शिकवायला अगदी सोपा, आणि अंगवळणी पडायला सर्वांत उशीर लावणाऱ्या गोष्टींपैकी एक.

शिक्षक म्हणतात, लक्ष नाही. घरचे म्हणतात, सराव नाही. माझ्या मते दोघांचाही नेम थोडा चुकतो. नियम माहीत असणं हे एक ज्ञान आहे आणि भाषा येणं हे दुसरं. दोन्ही मिळवण्याच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि एक मिळालं म्हणून दुसरं आपोआप हाती लागत नाही.

मराठीच घ्या. 'मी लेख लिहिला', 'मी चिठ्ठी लिहिली', 'मी पत्र लिहिलं'. लिहिणारा 'मी' तोच, क्रियापद मात्र तिन्ही वेळा वेगळं. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतं, हे त्यामागचं कारण. व्याकरणाच्या पुस्तकात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. पण शाळेत न गेलेलं लहान मूलसुद्धा हे बिनचूक बोलतं, आणि त्याच्या आईला कारण विचारलं तर ती म्हणेल, 'असंच म्हणतात.' तिला नियम सांगता येत नाही, भाषा येते. मराठी शिकणाऱ्या परभाषकाची गत उलटी. त्याला नियम सांगता येतो. पण चिठ्ठी स्त्रीलिंगी, वाक्य भूतकाळातलं, क्रियापद सकर्मक, म्हणजे 'लिहिली', एवढा हिशेब जुळेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असतो.

हिशेबाला वेळ तरी किती असतो? जगातल्या दहा भाषांमधली संभाषणं मोजणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रश्न संपल्यापासून उत्तर सुरू होईपर्यंत सरासरी सेकंदाचा पाचवा भाग जातो, असं त्यात आढळलं. एवढ्यात नियम आठवून, लावून, तपासून बोलणं कुणालाच जमणार नाही. परीक्षेच्या कागदावर वेळ असतो म्हणून तिथे पहिलं ज्ञान कामाला येतं. बोलताना फक्त दुसरं.

मग हे दुसरं ज्ञान तयार कसं होतं? त्याचा माग काढायला चुकांइतकं उपयोगी काही नाही. एके काळी चूक म्हणजे वाईट सवय, दिसली की ठेचायची, असा खाक्या होता. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये म्हटलं की शिकणाऱ्याच्या चुका नीट पाहा, त्यांत शिस्त आहे. पाच वर्षांनी लॅरी सेलिंकर या अमेरिकन अभ्यासकाने पुढचं पाऊल टाकलं. शिकणारा जी भाषा बोलतो ती धड मातृभाषा नसते, धड शिकायची भाषाही नसते. मधलीच एक तिसरी भाषा असते आणि तिला तिचे स्वतःचे नियम असतात. अभ्यासक तिला अंतरभाषा म्हणतात.

परभाषकाचं मराठी या नजरेने ऐकून बघा. तो सुरुवातीला 'मी लेख लिहिलं, मी चिठ्ठी लिहिलं, मी पत्र लिहिलं' असं सरसकट बोलतो. तीनांतलं एक बरोबर येतं, तेही योगायोगाने. पण त्याने एक गोष्ट पकडलेली असते: झालेल्या गोष्टीला 'ल' लागतो. काही महिन्यांनी एखादी विद्यार्थिनी 'मी लेख लिहिली' म्हणायला लागते. आपल्याला वाटतं, हिचं बिघडलं. खरं तर आता तिला कळलेलं असतं की या 'ल'चं रूप कुणाच्या तरी लिंगाप्रमाणे बदलतं. फक्त ते कुणाच्या हे चुकलं, तिने ते स्वतःच्या लिंगाशी जोडलं. ही चूक पहिल्या चुकीपेक्षा पुढची आहे. मातृभाषा म्हणून इंग्रजी शिकणारी मुलंही आधी 'वेन्ट' असं बरोबर म्हणतात, मग नियम सापडला की 'गो'ला भूतकाळाचा 'ड' जोडून 'गोड' म्हणायला लागतात, आणि मग पुन्हा 'वेन्ट'वर येतात. मधल्या टप्प्यात गुण कमी आणि प्रगती जास्त असते. गुणपत्रिका हे दाखवू शकत नाही.

टप्प्यांची ही गोष्ट शिक्षकांना जरा जड जाते. जर्मन शिकणाऱ्या इटालियन मुलांवर मानफ्रेड पीनेमान यांनी केलेला प्रयोग १९८४ मध्ये प्रसिद्ध झाला. जर्मन वाक्यातला शब्दक्रम मुलं ठरावीक पायऱ्यांनी शिकतात. पीनेमान यांनी वरच्या पायरीचा एक नियम सर्वांना शिकवला. जी मुलं त्याच्या लगतच्या खालच्या पायरीवर होती त्यांनी तो उचलला. जी त्याहून खाली होती त्यांच्या बोलण्यात तो उतरला नाही. म्हणजे आज शिकवलं म्हणून आज येईल असं धरून चालता येत नाही. शिकणाऱ्याच्या आतला अभ्यासक्रम वेगळा असतो आणि तो पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणांना विचारत नाही. शिकवणं फुकट जातं असा मात्र याचा अर्थ नाही. तयारी असलेल्यांना शिकवल्याने वेग येतो.

शिकवण्याच्या पद्धतींचा इतिहास या दोन ज्ञानांमध्ये हेलकावे खात आला आहे. युरोपात लॅटिन शिकवण्याची रीत होती: नियम पाठ करा, रूपं चालवा, भाषांतर करा. एकोणिसाव्या शतकात जिवंत भाषाही त्याच साच्यात घातल्या गेल्या. त्यावर उलट उतारा म्हणून मातृभाषेचा एकही शब्द न वापरता शिकवण्याची पद्धत आली. मॅक्सिमिलियन बर्लिट्झ यांनी १८७८ मध्ये अमेरिकेत याच तत्त्वावर शाळा काढली. दुसऱ्या महायुद्धानंतर घोकंपट्टीचा नवा अवतार आला. भाषेच्या प्रयोगशाळेत टेप लावायची, वाक्य ऐकायचं, म्हणायचं, त्यातला एक शब्द बदलायचा, पुन्हा म्हणायचं. पोपट छान तयार झाले. प्रयोगशाळेबाहेर कुणी वेगळा प्रश्न विचारला की गप्प. भाषा म्हणजे सवयींची साखळी या समजावर नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये सडकून टीका केली, आणि सत्तरच्या दशकात 'आधी अर्थ, मग रूप' म्हणणाऱ्या संवादी पद्धतीकडे वारं फिरलं.

यात भारतातून झालेला एक प्रयोग जगभर वाचला जातो. आपल्याकडे मात्र तो फारसा कुणाला माहीत नसतो. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही शाळांत इंग्रजी शिकवताना व्याकरणाचा अभ्यासक्रमच बाजूला ठेवला. मुलांना कोडी दिली. हे रेल्वेचं वेळापत्रक, अमक्या वेळेला तमक्या गावी पोचायचं तर कोणती गाडी धरावी? हा नकाशा, इथून तिथे कसं जाल? मुलांचं डोकं उत्तरात गुंतलेलं, आणि भाषा त्या कामाचं साधन म्हणून येणारी. माणसाचं लक्ष अर्थावर असताना व्याकरण आत मुरतं, असा त्यांचा कयास होता. कार्याधारित अध्यापन नावाची जी शाखा पुढे फोफावली, तिच्या मुळाशी हा प्रयोग आहे.

अर्थावर लक्ष ठेवा, बाकी आपोआप येईल, हे सर्वांत ठामपणे मांडलं ते स्टीफन क्रॅशन यांनी. आपल्याला आज जेवढं कळतं त्याच्या किंचित वरचं, पण संदर्भाने समजेल असं भरपूर ऐका, वाचा; भाषा येईल. नियम शिकून फार तर स्वतःचं लिहिलेलं तपासता येतं, बोलता येत नाही. क्रॅशन यांचं अर्धं म्हणणं आज जवळपास सर्वांना मान्य आहे: समजेल असं खूप काही कानावर-डोळ्यांवर पडल्याशिवाय कुणालाही भाषा आलेली नाही. प्रश्न आहे, तेवढं पुरतं का?

याची मोठी परीक्षा कॅनडात झाली. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या गावात १९६५ मध्ये इंग्रजी भाषक पालकांच्या आग्रहावरून बालवाडीपासून फ्रेंचमधून शिक्षण देणारे वर्ग सुरू झाले. गणितही फ्रेंचमधून. ही पद्धत देशभर पसरली. मुलं वर्षानुवर्षं रोज काही तास फ्रेंच ऐकत होती, तेही समजेल असं. निकाल चांगला लागला: ऐकून आणि वाचून समजण्यात ती फ्रेंच मातृभाषा असलेल्या मुलांच्या जवळ पोचली. पण बोलण्या-लिहिण्यात लिंगाच्या आणि क्रियापदाच्या चुका राहिल्या, आणि वरच्या वर्गांतही हटेनात.

मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये याचं कारण मांडलं, आणि मला ते फार पटतं. समजून घ्यायला व्याकरण पूर्ण लागत नाही. 'चिठ्ठी', 'काल', 'लिहि-' एवढं कानावर पडलं की अर्थ लागला. शेवटी 'ला' होतं की 'ली', याची ऐकणाऱ्याला पर्वा नसते. बोलणाऱ्याला मात्र यातलं एक निवडावंच लागतं. तोंड उघडल्यावरच कळतं की आपल्याला इथे काय म्हणायचं ते माहीत नाही. स्वेन यांच्या मते या अडण्यातून शिकणं होतं. कॅनडातल्या त्या वर्गांत मुलं ऐकायची तासन् तास. सलग, स्वतःच्या मनाने बोलायची मात्र थोडकं.

बोललं की झालं, असंही नाही. हवाईमध्ये स्थायिक झालेल्या एका जपानी चित्रकाराचा अभ्यास रिचर्ड श्मिट यांनी केला. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या लेखात त्याला वेस हे टोपणनाव दिलं आहे. वेस मनमिळाऊ, गप्पिष्ट. सगळं जग इंग्रजीत चालवायचा. काही वर्षांत त्याचं संभाषण सफाईदार झालं, विनोद करायला लागला, गोष्टी रंगवून सांगायला लागला. व्याकरण मात्र होतं तिथेच. अनेकवचन नाही, भूतकाळाचं रूप नाही. लोकांना त्याचं कळत होतं आणि त्यालाही त्याची अडचण नव्हती. श्मिट यांनी पुढे यातून मत बांधलं: जे रूप आपल्या ध्यानात येत नाही, ते शिकलं जात नाही. कानावर हजारदा पडलं तरी.

आणि ध्यानात आणून देणं वाटतं तितकं सोपं नाही. वर्गातला हा संवाद बघा:

'काल मी भावाला चिठ्ठी लिहिलं.'
'अच्छा, चिठ्ठी लिहिली. मोठ्या भावाला का?'
'हो, मोठ्या भावाला चिठ्ठी लिहिलं.'

शिक्षकाने चूक सुधारली. विद्यार्थ्याला वाटलं, शिक्षक होकार देताहेत. त्याने सुधारणा ऐकली, पण ती सुधारणा आहे हे ऐकलं नाही. रॉय लिस्टर आणि लायला रांटा यांनी कॅनडातल्या फ्रेंच वर्गांमध्ये शिक्षक चुका कशा सुधारतात याची मोजदाद १९९७ मध्ये प्रसिद्ध केली. निम्म्याहून जास्त वेळा शिक्षक असंच बरोबर वाक्य सहज परत म्हणत होते, आणि विद्यार्थ्याने त्याची काही दखल घेण्याचं प्रमाण याच प्रकारात सर्वांत कमी होतं. याउलट शिक्षक 'मी भावाला चिठ्ठी...?' असं म्हणून थांबले, की विद्यार्थ्याला स्वतः काहीतरी म्हणावंच लागत होतं. हे थोडं अवघड वाटतं, संभाषणाची लय तुटते. म्हणून प्रत्येक चुकीला असं अडवू नये. आठवड्याला एखादी निवडावी आणि तिच्याच मागे लागावं. पीनेमान यांची मुलं आठवली तर कोणती निवडायची हेही ठरवता येतं: जी कधी बरोबर, कधी चूक येते ती. जी कायमच चुकते तिची वेळ बहुधा आलेली नसते.

शब्दांचा मामला निराळा. इथे पायऱ्या-बियऱ्या नाहीत, सरळ आठवणीचं काम आहे, आणि बहुतेक जण ते सर्वांत निकामी पद्धतीने करतात: यादी पुन्हा पुन्हा वाचून. २००८ मध्ये अमेरिकेत जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रॉडिगर यांनी विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द अर्थांसह शिकवले. एका गटाने आलेले शब्दही, यादीकडे न बघता, पुन्हा पुन्हा आठवून सांगितले. दुसऱ्या गटाने एकदा आठवलेला शब्द पुढच्या चाचण्यांतून वगळला, पण यादीत तो वाचत राहिले. आठवड्याने पहिल्या गटाला सुमारे ८० टक्के शब्द आठवले, दुसऱ्याला ३६ टक्क्यांच्या आसपास. गमतीचा भाग असा की किती आठवेल याचा दोन्ही गटांनी आधी केलेला अंदाज जवळपास सारखाच होता. वाचताना शब्द ओळखीचा वाटतो, आणि ती ओळख म्हणजेच शिकणं असं आपण समजतो. अर्थ झाकून आठवायचा, न आठवला तर बघायचा. आणि हे एका बैठकीत दहा वेळा करण्यापेक्षा दिवसादिवसांच्या अंतराने करायचं. अंतराचा हा फायदा हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच लिहून ठेवला आहे.

किती शब्द लागतात? इंग्रजीचा हिशेब पॉल नेशन यांनी २००६ मध्ये मांडला. वर्तमानपत्र किंवा कादंबरी कोश न उघडता वाचायची तर आठ ते नऊ हजार शब्दकुळं, ऐकून समजायला सहा ते सात हजार. शब्दकूळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं मिळून एक. एवढे शब्द वर्गात शिकवून होत नाहीत, ते वाचनातूनच येतात. आवडीचं, सोपं, ढिगाने वाचणं याला पर्याय मला तरी माहीत नाही.

वयाबद्दल मात्र भलतेच समज आहेत. 'मुलं पटकन शिकतात' हे निम्मंच खरं. नेदरलँड्समध्ये राहायला आलेल्या इंग्रजी भाषकांवरचा १९७८ चा एक अभ्यास सांगतो की पहिल्या काही महिन्यांत डच भाषेत सर्वांत वेगाने पुढे गेली ती १२ ते १५ वर्षांची मुलं. तीन ते पाच वर्षांची चिमुरडी सर्वांत मागे होती. लहान वयाचा फायदा वेगात नाही, शेवटी कुठपर्यंत पोचता येतं त्यात आहे. सुमारे ६ लाख ७० हजार लोकांनी इंटरनेटवर सोडवलेल्या व्याकरणाच्या चाचणीवर आधारलेला एक अभ्यास २०१८ मध्ये आला. व्याकरण आत्मसात करण्याची क्षमता सतरा-अठराव्या वर्षापर्यंत टिकते आणि मग उतरते, असा त्याचा निष्कर्ष होता.

कानाचं दार त्याच्या कितीतरी आधी किलकिलं होऊन राहतं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेनासा झाला. आपल्याला जे दोन ढळढळीत वेगळे वर्ण वाटतात, ते त्यांच्या घरात लागतच नाहीत, म्हणून कान ते टाकून देतो. इंग्रजीतल्या काही जोड्यांबाबत आपल्या कानाचं असंच होतं. दार बंद मात्र होत नाही. जपानी प्रौढांना 'र' आणि 'ल' वेगळे ऐकायला शिकवणाऱ्या प्रयोगांत असं दिसलं की एकाच व्यक्तीचा आवाज ऐकून केलेला सराव त्याच आवाजापुरता राहतो. पुष्कळ वेगवेगळे आवाज ऐकवले तर नव्या माणसाच्या बोलण्यातही फरक कळायला लागतो. एकाच शिक्षकाच्या उच्चारावर वाढलेला विद्यार्थी बाहेर गोंधळतो, त्याचं कारण इथे आहे.

राहिला वेळ. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषासंस्था आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती भाषा यायला किती तास वर्ग लागतात याची नोंद ठेवते. स्पॅनिश किंवा फ्रेंचला ६०० ते ७५०, हिंदीला सुमारे १,१००, अरबी, चिनी, जपानी, कोरियन यांना २,२००. गृहपाठ वेगळा. रोज एक तास धरला तर २,२०० तासांना सहा वर्षं होतात. तीस दिवसांत भाषा शिकवणाऱ्या जाहिराती यापुढे ठेवून वाचाव्यात. हे आकडे इंग्रजी भाषकांचे आहेत. मराठी माणसाचा तक्ता वेगळा निघेल आणि त्यात हिंदी अगदी तळाला असेल.

पण जवळच्या भाषेची एक वेगळीच अडचण असते. मराठीत 'आवाज' पुल्लिंगी, हिंदीत स्त्रीलिंगी; 'पुस्तक' आपल्याकडे नपुंसकलिंगी, तिकडे स्त्रीलिंगी. मराठी माणूस 'मेरा आवाज', 'मेरा पुस्तक' म्हणतो, समोरच्याला शंभर टक्के कळतं, आणि वेसचं झालं तेच होतं. सेलिंकर यांनी अशा चुकांना जीवाश्म म्हटलं होतं. हिंदी रोज कानावर पडत असते, त्यामुळे आणखी ऐकून यात काही फरक पडत नाही. कुणीतरी 'मेरा' म्हटल्याबरोबर थांबवायला हवं, आणि पन्नाशीच्या माणसाला गप्पांच्या भरात असं थांबवायला सहसा कुणी धजत नाही.